मले नाही, मला

नववी 'ब'च्या निबंधांचा गठ्ठा तपासता तपासता प्रमोदिनीबाईंचं लाल पेन एका कागदावर येऊन अडलं. अडलं म्हणजे त्याला उतरायला जागाच मिळेना. बाईंनी निबंध एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, मग शेवटाकडून सुरुवातीकडे वाचला. 'मले' नाही, 'तुले' नाही, 'बैल सजवून राहिलो होतो' नाही. विषय होता तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदीबैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे मिळवतात, तो सण. आणि लिहिणारी होती रितिका कवडू भोयर.

नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या शाळेत बाई पंचवीसेक वर्षं मराठी शिकवत होत्या आणि त्यांचं सगळं आयुष्य 'ले' या एका अक्षराशी भांडण्यात गेलं होतं. "मले नाही, मला!" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की मुलं पाठीमागे त्यांना 'मलाबाई' म्हणत. एकदा तर बँकेतल्या कॅशियरलाच त्यांनी खिडकीतून दुरुस्त केलं. तेव्हापासून बाई दिसल्या की तो जेवायला उठतो. बाई स्वतः मूळच्या उमरेडच्या. लहानपणी त्याही 'मले'च म्हणायच्या. पण बी.एड.ला असताना धरमपेठेतल्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या, आणि त्या दिवशी बाईंनी तो 'ले' जो गिळला तो गिळला. आता निवृत्ती जवळ आली होती. त्याआधी एखाद्या तरी पोराच्या हातून एक शुद्ध निबंध वाचायला मिळावा, एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती.

तो निबंध आज समोर होता. खरं तर बाईंनी पेढे वाटायला हवे होते. पण माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते दारात आलं, की मन आधी त्याचं आधारकार्ड मागतं. मागच्या महिन्यात 'माझी आई स्वयंपाक करून राहिली असते' असं लिहिणारी पोर ही. महिन्याभरात एवढी कशी सुधारली? बाईंच्या तोंडून नकळत मोठ्यानं निघून गेलं, "हे काही हिचं वाटत नाही."

बस. तेवढं वाक्य पुरलं. कारण शिक्षकखोलीच्या दारात नेमके मुख्याध्यापक ताराचंद बिसेन उभे होते. बिसेन सर नुकतेच 'विद्यार्थी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता' या विषयावरच्या कार्यशाळेला जाऊन आले होते. तिथून त्यांनी एक पिशवी, एक प्रमाणपत्र आणि मोबाईलमध्ये एक ॲप आणलं होतं. लिहिणारा माणूस की मशीन, हे ते ॲप म्हणे चुटकीसरशी ओळखायचं. ॲप येऊन आठवडा झाला होता आणि अजून त्याला काही काम मिळालं नव्हतं.

सरांनी निबंधाचा फोटो काढला. ॲपचं चाक गरगर फिरलं.

"ब्याण्णव टक्के मशीन!" सर जवळजवळ नाचलेच. "देखो मॅडम, केस सापडली! आपल्या शाळेची पहिली केस!"

"अहो सर, केस सापडायला ही काय साथ आहे का?"

"तुम्ही टेन्शन नका घेऊ. इंटर्नलचे मार्क शून्य. अन् सोमवारी परिपाठात तिचं नाव वाचतो. एकदा नाव वाचलं की साऱ्या शाळेले वचक बसते."

"शाळेला," बाई म्हणाल्या. सवय काही जात नाही.

परिपाठ म्हणजे सकाळची सगळ्या शाळेची सभा. तिथं पाचवीपासून दहावीपर्यंतच्या पोरांसमोर माइकवरून नाव वाचणार म्हटल्यावर बाईंनी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. मार्क काय, पुढच्या परीक्षेत भरून निघतात. पण नंदनवनात एकदा पोरीला 'मशीन' म्हणायला लागले, की लग्नाची पत्रिका वाटतानाही लोक विचारतील, कोणती रितिका, ती मशीन का? मात्र ठिणगी टाकली होती ती बाईंनीच, आणि आता सर फुंकर घालत होते. पोरीच्या वडिलांना फोन गेला.

शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला कवडू भोयर आले. ते एसटीत कंडक्टर, उमरेड-नागपूर गाडीवर. अंगात खाकी, खांद्याला पिशवी आणि हातात संत्रा बर्फीचा डबा. फोनवर 'रितिकाच्या निबंधाबद्दल भेटायचं आहे' एवढंच सांगितलेलं, त्यामुळे भल्या माणसाला वाटलं, पोरीला बक्षीस लागलं.

"नमस्ते सर! पोट्टीनं नाव काढलं म्हणते शाळेचं?"

बिसेन सरांनी सवयीनं डबा हातात घेतला आणि मग चेहरा गंभीर केला. "बसा. तुमच्या मुलीनं चोरी केली आहे."

"कोनाची?"

"मशीनची."

"मशीन?" कवडूभाऊ बुचकळ्यात पडले. "सर, मशीन म्हनाल तर आमच्या घरी एकच हाये, माही तिकिटाची. तिच्यातून निबंध निंघत असन तर सांगा बापा."

मग सरांनी कृत्रिम बुद्धिमत्ता समजावून सांगितली. ती त्यांना स्वतःला जेवढी समजली होती तेवढीच सांगितली, त्यामुळे फार वेळ लागला नाही. कवडूभाऊंनी निबंध हातात घेतला आणि थांब्यांची नावं पुकारावीत अशा आवाजात वाचून काढला. रितिका त्यांच्या खांद्यामागे उभी राहून कागदाकडे बघत होती. वाचून झाल्यावर कवडूभाऊंनी टोपी काढली.

"बापा! हे आमच्या रितीनं लिहलं?"

"तोच तर प्रश्न आहे," सर म्हणाले.

"नाही जमत सर. आमच्या साऱ्या खानदानीत इतकं शुद्ध कोनीच नाही. हे तर रेडिओवर बोलते तसं हाये!"

"बाबा!" रितिका ओरडली.

आपण पोरीची बाजू मांडायला आलो आहोत हे कवडूभाऊंच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी घाईघाईनं गाडी रिव्हर्स घेतली. "म्हंजे तसं नाही सर. घरात फोन एकच. तो माह्या खिशात रायते. मी दिवसभर गाडीवर. पोट्टीले फोन भेटनच कसा?"

"शेजाऱ्यांचा भेटला असेल," असं म्हणून सरांनी डबा उघडला आणि बर्फीचा एक तुकडा तोंडात टाकला.

आता बाईंना बोलणं भाग होतं. त्या शक्य तेवढ्या कडक आवाजात म्हणाल्या, "रितिका, यात एकही चूक नाही. एकही. हे कसं काय झालं?"

रितिकानं मान वर केली. आरोप तिच्यावर होता, तरी तिचा चेहरा क्षणभर उजळला. "तुमच्यामुळं, मॅडम. लिहताना तुमचा आवाज येते मले. 'मले नाही, मला.' मंग मी खोडते अन् पुन्हा लिहते."

बाई काही बोलणार होत्या. पण त्याआधीच सरांनी टेबलावर थाप मारली. "पाहा! बोलते 'मले' अन् लिहिते 'मला'. अजून काय पुरावा पाहिजे?"

अहो, मग सारं नागपूरच चोर म्हणायचं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मुख्याध्यापकांसमोर मराठीच्या बाईंनी 'मले'ची वकिली कशी करायची? त्या गप्प बसल्या, आणि ते गप्प बसणं त्यांना पुढे दोन दिवस टोचत राहिलं.

सरांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिही इथंच. आमच्यासमोर. 'माझी शाळा', पाच ओळी."

एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला बाई, आणि मागून बाप कानात सांगतोय, "लिही ना वं, आरामात लिही. घाबरू नको. मी हाये ना." अशा अवस्थेत भल्याभल्यांना स्वतःचं नाव सुचत नाही. रितिकानं लिहिलं, 'मले माझी शाळा आवडते. मी आता ऑफिसात बसून राहिली आहे. मले भेव लागून राहिलं.'

सरांचा चेहरा खुलला. त्याहून कवडूभाऊंचा खुलला. "हां! हे हाये आमच्या रितीचं! एकदम ओरिजिनल!" ते अभिमानानं म्हणाले. आपण पोरीला आपल्या हातानं फासावर चढवलं आहे, हे त्यांना जिना उतरल्यावर कळलं. तोवर बर्फीचा डबा वरच राहून गेला होता.

बिसेन सरांनी मात्र त्या दिवशी एक सिद्धांत मांडला. "चूक असेल तर माणूस, चूक नसेल तर मशीन! सिंपल. मॅडम, कोणी म्हणायला नको की एकाच मुलीवर अन्याय केला. साऱ्या वर्गाकडून तोच निबंध पुन्हा लिहून आणा, सोमवारपर्यंत. म्हणजे दूध का दूध होऊन जाईल."

शाळेतली बातमी शाळेच्या आधी घरी पोहोचते. संध्याकाळपर्यंत नववी 'ब'च्या मोबाईल ग्रुपवर ती फिरली होती: 'सोमवारी निबंध पुन्हा लिहून आणायचा. मलाबाई चुका मोजून मार्क देऊन राहिल्या. शुद्ध लिहिलं तर परिपाठात नाव.' जन्मभर ज्या चुकांसाठी हातावर पट्टी खाल्ली त्या आता मुद्दाम करायच्या, हे ऐकून पोरं चक्रावली. त्यात दुसरा दिवस रविवारचा. मैदानावर मॅच ठरलेली. सुटीच्या दिवशी बसून चुका करायला वेळ कोणाला होता?

सोमवारी सकाळी वर्गाचा मॉनिटर निबंधांचा गठ्ठा शिक्षकखोलीत ठेवून गेला. सर ॲप घेऊन तयारच होते. त्यांनी एकेका कागदाचा फोटो काढला आणि एकेक निकाल मोठ्यानं सांगितला. माणूस. माणूस. हाही माणूस. सारा वर्ग चुकांनी नुसता बुजबुजला होता, आणि सर प्रत्येक चुकीवर खूश होत होते. अगदी शेवटी रितिकाचा कागद निघाला.

"चौऱ्याण्णव टक्के! मागच्याहून दोन टक्के जास्त मशीन!" सर म्हणाले. "पाहिलं? पोरगी सुधारायला तयार नाही." आणि खिशातला नावाचा कागद चाचपत ते मैदानाकडे निघाले.

बाहेर प्रार्थना सुरू झाली. बाईंनी रितिकाचा निबंध उचलला. तोच निबंध, तसाच शुद्ध. सगळ्यांना ठाऊक होतं की आज चूक केली तर सुटका आहे. तरी या पोरीनं ती केली नव्हती. बाईंना काहीच समजेना. मन रमवायला म्हणून त्यांनी मिनलचा निबंध ओढला. मिनल उमाटे म्हणजे वर्गात पहिली. तिचा अनुस्वारसुद्धा कधी जागेवरून हलला नव्हता. आज तिनं लिहिलं होतं, 'आरं काय सांगू, नंदीबैल घेऊन म्या पारावर जातुया, अन् बैल कसा झ्याक डुलतुया!'

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दुसरा कागद घेतला. 'व्हय रं गड्या, आमच्या नंदीबैलाला हितं नदीवर नेऊन न्हाऊ घातलं तवा त्यानं खुशीत शेपूट हलवली.' लाकडाच्या बैलानं? तिसऱ्या कागदावरही पार होता, गडी होता, 'व्हय रं' होतं. बोजाऱ्याचा मात्र कुठं पत्ता नव्हता.

आणि बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हे नंदनवन आहे की सातारा? नागपूरचं पोरगं मार खाईल, नापास होईल, पण 'जातुया' म्हणणार नाही. ते 'जाऊन राहिलो'च म्हणेल. या पोरांच्या चुका बाईंना तोंडपाठ होत्या. पंचवीस वर्षं त्यांनी त्यांनाच लाल गोल केले होते. कोणती चूक कोणत्या गल्लीतून येते हेही त्यांना सांगता आलं असतं. या चुका त्यांच्या पोरांच्या नव्हत्याच! त्या परक्या होत्या, कुठून तरी मागवलेल्या होत्या. सारा वर्ग मोबाईलकडून लिहून आणून माणूस ठरला होता, आणि एकटी जी स्वतः लिहीत बसली ती मशीन. चोर सोडून संन्याशाला फाशी!

बाहेर प्रतिज्ञा संपली, सुविचार झाला. माइकवर सरांचा आवाज आला, "आज मला एक दुःखद गोष्ट सांगायची आहे. नववी ब मधील एका विद्यार्थिनीने..."

बाई धावल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कोणी धावताना पाहिलं नव्हतं. हातात निबंधांचा गठ्ठा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर वाऱ्यावर. त्या स्टेजवर चढल्या आणि त्यांनी सरांच्या हातातून माइक अक्षरशः ओढून घेतला.

"थांबा गा सर!"

साऱ्या रांगांच्या माना एकदम वर झाल्या. मुख्याध्यापकांना, गल्लीतल्या माणसाला म्हणावं तसं 'गा'? तेही माइकवरून? तेही मलाबाईंनी?

पण बाईंना आता थांबणं शक्य नव्हतं. इतकी वर्षं गिळून ठेवलेलं सगळं एकदमच वर आलं होतं. "काहून नाव घेऊन राहिले तिचं? तिनं सोताच्या हातानं लिहलं ना! हे बाकीचे पाहा! 'जातुया' म्हनते, 'व्हय रं' म्हनते! कोन म्हनते इथं 'जातुया'? कोनाची माय म्हनते? आजी म्हनते? मी उमरेडची हाये, मले नका शिकवू! एका तरी पोट्ट्यानं समोर येऊन सांगावं मले!"

मग पाचवीच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "मले नाही, मॅडम..." आणि साऱ्या मैदानानं एका सुरात पूर्ण केलं, "मला!"

बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं आणि पुढच्याच क्षणी त्या खदखदून हसायला लागल्या. मग काय, सारी शाळा हसली. पीटीचे सर हसले, शिपाई हसले. नववी 'ब' तेवढी हसत नव्हती. तिथून मिनल रडवेल्या तोंडानं पुढे आली.

"मॅडम, आम्ही फोनले म्हटलं, निबंधात गावठी चुका टाकून दे."

"मग?"

"तं त्यानं तिकडच्या टाकल्या. आम्हाले बी वाचून कसंतरीच वाटलं. पन मॅच सुरू होऊन राहिली होती."

बिसेन सर माइकशिवाय उभे होते. त्यांनी एकदा हातातल्या ॲपकडे पाहिलं, एकदा नववी 'ब'च्या लांबलचक रांगेकडे. आता न्यायानं वागायचं तर साऱ्या वर्गाची नावं वाचावी लागणार होती आणि साऱ्यांचे पालक बोलवावे लागणार होते. त्या पालकांत संस्थेचे अध्यक्षही होते. सरांनी नावाचा कागद हळूच खिशात सरकवला.

"वर्गात चला," ते म्हणाले. "ऊन वाढून राहिलं."

आणि बाईंनी त्यांना दुरुस्त केलं नाही.

मधल्या सुट्टीत बाईंनी रितिकाच्या पहिल्या निबंधावर मार्क दिले. पैकीच्या पैकी. निबंधाला पैकीच्या पैकी मार्क त्यांनी आजवर कोणालाच दिले नव्हते. कोणत्याच मराठीच्या बाई देत नाहीत. खाली त्यांनी 'उत्कृष्ट' लिहिलं आणि मनातल्या मनात पोरीची माफीही मागितली. कागद घेऊन रितिका गेली आणि थोड्याच वेळात परत आली.

"मॅडम, एक सांगू? हे पाहा ना. पुरणपोळीतला पु. मी दीर्घ काढला."

बाईंनी चष्मा नीट केला. खरंच की. दुसऱ्या परिच्छेदात, चांगली ठसठशीत, 'पूरणपोळी'. बाईंनी निबंध सरळ वाचला होता, उलटा वाचला होता. सरांनी त्याचा फोटो काढला होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती चूक आरामात बसून होती. सरांच्या सिद्धांताप्रमाणे पोरगी पहिल्या दिवसापासूनच माणूस होती.

"तुला हे कधी दिसलं?"

"शनिवारीच. ऑफिसात बाबा वाचून राहिले होते तवा, मागून."

"अगं, मग तेव्हाच काहून नाही सांगितलंस? सारं तिथंच मिटलं असतं ना वं! एवढं नाव वाचायची वेळ आली, सोमवारी पुन्हा शुद्धच लिहून आणलंस..."

रितिका चपलेच्या टोकानं फरशी उकरत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही म्हटलं ना मॅडम, एकही चूक नाही. दोनदा म्हटलं. असं तुम्ही कोनालेच म्हनत नाही. मले वाटलं, राहू द्यावं थोडे दिवस."

बाईंनी पदरानं चष्म्याची काच पुसली, मग दुसरी पुसली, मग उगाच पहिली पुन्हा पुसली. शेवटी त्यांनी लाल पेन उघडलं, त्या 'पू'भोवती एक छान गोल केला आणि वरच्या आकड्यातून अर्धा मार्क वजा केला.

रितिकाचा चेहरा पडला. "कापला, मॅडम?"

"कापावाच लागते वं," बाई म्हणाल्या, "माणसानं लिहिलं आहे ना."